सांवेर रोडचं टपाल

(दृश्य: सांवेर रोड औद्योगिक क्षेत्र, इंदूर. टेम्पोतून कागदाचे रोल उतरताहेत. स्टिचिंग मशीन.)

इंदूरची शेव गावोगावी जाते ती अशा खोक्यांतून. या शेडमध्ये तीन-प्लाय आणि पाच-प्लाय खोकी तयार होतात. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड. डायरेक्टर दोघंच, नवरा आणि बायको. रामबागेतल्या त्यांच्या घराची पुढची खोली हेच रजिस्टर्ड ऑफिस. टपाल तिथे येतं आणि वहिनी ते उघडतात.

(दृश्य: टेबलावर पत्र. कॅमेरा वरून खाली.)

हे पत्र नीट बघा. लाल पट्टीत ‘अंतिम सूचना’. कोपऱ्यात अशोकस्तंभाची आठवण यावी असं चित्र. पण अशोकस्तंभ नव्हे, त्याच्या गैरवापराला २००५ च्या कायद्याने बंदी आहे. बारकोड. कंपनीचं नाव, दोघांची नावं, पत्ता, सीआयएन म्हणजे कंपनीचा सरकारी ओळख क्रमांक, सगळं अचूक. मागणी दोन कामांच्या पैशांची: ‘उद्यम प्रमाणपत्राचं नूतनीकरण’ आणि ‘वार्षिक मिनिट्सची नोंदणी’. उद्यम म्हणजे लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी. मुदत सात दिवस.

माणूस घाबरतो तो या अचूकपणाला. सरकारशिवाय एवढी माहिती कोणाकडे असणार?

(दृश्य: संगणकाचा पडदा.)

कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचा मास्टर डेटा, म्हणजे नाव-पत्त्यासारखी मूळ माहिती, कुणालाही बघता येतो. तो खुला असायलाच हवा. उधारीवर माल देणाऱ्याला समोरची कंपनी खरी आहे की नाही, हे कळलं पाहिजे. त्यातला हा सीआयएन, एकवीस अक्षरं-आकड्यांचा. सुरुवातीचा ‘यू’ म्हणजे शेअर बाजारात नोंद नाही. पुढचे पाच आकडे धंद्याचे. ‘एमपी’ म्हणजे मध्य प्रदेश. मग स्थापनेचं वर्ष. ‘पीटीसी’ म्हणजे प्रायव्हेट. शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक. वर्षावरून नव्या कंपन्या वेगळ्या काढता येतात, आणि नवख्याला कुठला कागद खरा हे अजून माहीत नसतं. यादी काढली, नावं भरली, पत्रं छापून पेटीत टाकली. एवढंच भांडवल.

(दृश्य: ग्वाल्हेर, जयेंद्रगंज.)

मध्य प्रदेशातल्या कंपन्यांचे रजिस्ट्रार बसतात ते इथे, ग्वाल्हेरला. पत्रात ग्वाल्हेरचा उल्लेखसुद्धा नाही. तळाशी, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा टाइपात, एक ओळ मात्र आहे: ‘आम्ही खाजगी सल्लागार सेवा आहोत.’

(दृश्य: सीए काकांचं ऑफिस. हातात लाल पेन्सिल.)

काका एकेक मागणी खोडत जातात. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० ला सुरू झाली. ती फुकट आहे आणि प्रमाणपत्राला मुदत नाही, मग नूतनीकरण कसलं? माहिती अद्ययावत ठेवावी लागते, तीही सरकारी पोर्टलवर, एक पैसा न देता. आणि मिनिट्स? वार्षिक सभेचं इतिवृत्त कंपनीच्या स्वतःच्या ऑफिसात ठेवायचं असतं. ही बघा वहिनींची वही, तारीखवार, सह्यांसकट.

सरकारकडे खरंच भरायचं ते वेगळं. सभा ३० सप्टेंबरपर्यंत. तिथून ३० दिवसांत एओसी-४ म्हणजे ताळेबंद, ६० दिवसांत एमजीटी-७ए म्हणजे वार्षिक विवरण. भांडवल पाच लाखांपासून पंचवीस लाखांच्या आत असेल, तर वेळेत भरलेल्या एका फॉर्मची सरकारी फी ४०० रुपये. पत्रातली रक्कम हजारांत आहे.

पत्रवाल्याला पैसे देऊन काम झालं असं समजलात, तर खऱ्या फॉर्मवर रोज १०० रुपये जादा फी चढते, आणि सलग तीन वर्षं फॉर्म राहिले तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो.

(दृश्य: वहिनी पत्र पुन्हा वाचताहेत. इथे निवेदन नाही.)

नोंदणीच्या प्रमाणपत्रासोबत सरकारने साध्या हिंदीत एक पान द्यावं: कोणता फॉर्म, कधी, किती फी, कुठल्या पोर्टलवर. खोकी बनवणाऱ्या माणसाला ही माहिती मागायला लागू नये.

(दृश्य: वहिनी पत्र फाइलला लावतात.)

असं पत्र आलं तर फाडू नका. लिफाफ्यासकट ठेवा, टपालाच्या शिक्क्यावरून ते कुठून टाकलं हे कळतं. आपल्या सीएला दाखवा. शेजारच्या शेडवाल्यालाही दाखवा, त्यालाही आलेलं असू शकतं. आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवायची असते.