पायजम्यातून सोफ्यात

(दृश्य: प्रयोगशाळा. काचेच्या बशीवरचे ठिपके, अगदी जवळून.)

हे पांढरे ठिपके म्हणजे साल्मोनेला जिवाणूंच्या वसाहती. खरं तर त्या इथे उगवायलाच नको होत्या. हे जिवाणू मुद्दाम अधू केलेले आहेत. हिस्टिडिन हे अमिनो आम्ल त्यांना स्वतः बनवता येत नाही, आणि बशीत ते नावापुरतंच घातलेलं असतं. म्हणजे उपासमार ठरलेली. आता यात तपासायचं रसायन घालतात. सोबत उंदराच्या यकृताचा अर्क, कारण बरीच रसायनं यकृतातून गेल्यावरच आपले गुण दाखवतात. मग बशी दोन दिवस उबेत ठेवायची. रसायन सरळ असेल तर बशी जवळपास कोरी राहते. ते डीएनएत ढवळाढवळ करत असेल, तर काही जिवाणूंमधला मूळ बिघाडच उलटा फिरतो, ते पुन्हा हिस्टिडिन बनवू लागतात, आणि ठिपके धरतात. जितके ठिपके जास्त, तितका संशय दाट.

बर्कलीला, कॅलिफोर्निया विद्यापीठात, ब्रूस एम्स यांनी ही चाचणी बसवली. डीएनए बिघडवणारं रसायन कर्करोगालाही कारण ठरू शकतं. त्यासाठी प्राण्यांवर चाचण्या करायच्या तर वर्षं जातात, इथे दोन दिवस. एम्स यांच्यासोबत काम करत होत्या रसायनशास्त्रज्ञ आर्लीन ब्लूम. त्यांच्या बशीत होतं ‘ट्रिस’.

(दृश्य: लहान मुलांचे पायजमे, जुनी छायाचित्रं.)

ट्रिस कुठल्या कारखान्याच्या गटारातून आणलेलं नव्हतं, ते मुलांच्या अंगावर होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत नियम झाला, की मुलांचे झोपायचे कपडे सहज पेट घेणारे नसावेत. हेतू चांगलाच. त्यासाठी पॉलिस्टरच्या कापडात ब्रोमीनयुक्त ट्रिस मुरवलं जायचं. बशी ठिपक्यांनी भरली. जानेवारी १९७७मध्ये ब्लूम आणि एम्स यांचा लेख ‘सायन्स’ या नियतकालिकात आला, आणि एप्रिलमध्ये ग्राहक सुरक्षा आयोगाने अशा कपड्यांवर बंदी घातली. सरकारी कामाचा हा वेग पुढे या गोष्टीत कुठेही दिसणार नाही, म्हणून इथेच नोंदवून ठेवू. पुढच्या वर्षी, हे पायजमे घातलेल्या मुलांच्या लघवीतच ट्रिसपासून तयार झालेला अंश सापडला. कापडातलं रसायन कातडीतून आत गेलं होतं.

ट्रिस गेलं, आणि त्याचा चुलतभाऊ आला. ब्रोमीनच्या जागी क्लोरीन, बाकी घडण बरीचशी तीच. ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९७८मध्ये त्यालाही बशीत बसवलं. पुन्हा ठिपके. मुलांच्या कपड्यांतून तेही मागे घेतलं गेलं, आणि प्रकरण मिटलं असं सगळ्यांना वाटलं.

(दृश्य: अन्नपूर्णा. बर्फाचा कडा, दोरावरच्या आकृत्या.)

त्याच वर्षी ब्लूम इथे होत्या. अन्नपूर्णा १, उंची ८,०९१ मीटर. स्त्रियांच्या मोहिमेच्या त्या नेत्या. खर्च भागवायला टी-शर्ट विकले, त्यावर लिहिलेलं: ‘बाईची जागा शिखरावर’. १५ ऑक्टोबर १९७८ला दोघीजणी दोन शेर्पांसह माथ्यावर पोचल्या. या शिखरावर पोचलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. दुसऱ्या तुकडीतल्या दोघी परतल्या नाहीत.

ही दृश्यं इतकी देखणी आहेत, की इथून पाय निघत नाही. ब्लूम यांचाही निघाला नसावा. पुढे त्या भूतानपासून लडाखपर्यंत हिमालयातून चालत गेल्या. प्रयोगशाळा सुटली ती पाव शतकाहून जास्त काळ.

(दृश्य: सुरी. सोफ्याची शिवण उसवते, आतला पिवळट फोम.)

परत आल्यावर त्यांना कळलं, की तो चुलतभाऊ इथे येऊन बसलाय. मुलांच्या पायजम्यातून काढलेलं क्लोरीनचं ट्रिस सोफ्याच्या फोमात!

त्यामागेही एक नियमच होता. कॅलिफोर्निया राज्याचं ‘टेक्निकल बुलेटिन ११७’, १९७५चं. चाचणी अशी: फोमचा तुकडा उघडा टांगायचा, खालून छोटी ज्योत, १२ सेकंद. तेवढ्यात तो भडकता कामा नये. (दृश्य: ज्योत, घड्याळाचा काटा.) फोमला यात पास करण्याचा सोपा आणि स्वस्त मार्ग म्हणजे त्यात अग्निरोधक मिसळणं. नियम एका राज्याचा, पण एवढ्या मोठ्या बाजारासाठी वेगळा आणि इतरांसाठी वेगळा सोफा कोण बनवणार? रसायन देशभर गेलं.

आता नीट बघा. फोम उघडा आहे. घरात कुणी उघड्या फोमवर बसतं का? आधी पेटतं वरचं कापड. त्याची आग फोमपर्यंत येते, तेव्हा ती या ज्योतीएवढी राहिलेली नसते. शिवाय सोफा पेटवणारी जुनी वस्तू म्हणजे सिगारेटचं थोटूक, आणि ते धुमसतं. त्याला ज्योत नसते. म्हणजे परीक्षा भलत्याच विषयाची.

आणि रसायन फोमला बांधलेलं नसतं, नुसतं मिसळलेलं असतं. (दृश्य: उन्हाच्या तिरिपेत उडणारी धूळ, रांगणारं मूल.) आपण बसतो, उठतो, ते थोडं थोडं बाहेर येतं आणि धुळीत बसतं. धूळ हाताला, हात तोंडात. मांजर तर अंगच चाटून काढतं. ब्लूम यांच्या मांजरीला थायरॉइडचा आजार निघाला, आणि तिच्या रक्तात अशाच एका जातीच्या अग्निरोधकाचं मोठं प्रमाण. माणसांत मेंदूची वाढ, थायरॉइड आणि प्रजननाच्या तक्रारींशी या रसायनांचा संबंध अभ्यासांतून पुढे आला आहे.

२०१२मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या हेदर स्टेपलटन यांच्यासोबतच्या अभ्यासात ब्लूमही होत्या. लोकांच्या घरातल्या १०२ सोफ्यांच्या फोमचे नमुने तपासले. ८५ टक्क्यांत अग्निरोधकं. अग्निशमन दलाचे जवानही बदल मागू लागले, कारण जळत्या घरातला तो धूर त्यांच्या छातीत जातो. उद्योगाने कडाडून विरोध केला. शेवटी जुनी परीक्षा गेली. २०१५पासून वरच्या कापडाला धुमसत्या सिगारेटची नवी परीक्षा सक्तीची झाली. फोमात रसायन आहे की नाही, हे सोफ्याच्या लेबलवर छापावं लागतं. २०२०पासून कॅलिफोर्नियात नव्या सोफ्यांत ही रसायनं घालायलाच बंदी आहे. जुने सोफे अर्थात अजून घराघरांत आहेत.

(दृश्य: लेबलं, डबे, तवे, रेनकोट. एकामागून एक.)

एक रेणू पकडायचा, त्यात दहा-वीस वर्षं घालवायची, तोवर भावंड दुकानात हजर. म्हणून ब्लूम आता रेणूच्या मागे लागत नाहीत, कुळाच्या मागे लागतात. २००८मध्ये बर्कलीत त्यांनी ग्रीन सायन्स पॉलिसी इन्स्टिट्यूट सुरू केली. त्यांच्या यादीत सहा कुळं आहेत: पीएफएएस (पाणी-तेल चिकटू न देणारी फ्लोरीनयुक्त रसायनं), जंतुनाशकं, अग्निरोधकं, प्लास्टिकमधली बिस्फेनॉल आणि थॅलेट, काही द्रावकं (इतर पदार्थ विरघळवणारी द्रव्यं), आणि शिशासारखे काही धातू. आग्रह एकच, गरज नसेल तिथे अख्खं कूळच वापरू नका. ‘सगळेच वाईट कसे?’ हा उद्योगाचा प्रश्न ठरलेला. पण निर्दोष असल्याचा पुरावा मुलांच्या पायजम्यातून गोळा करायचा, ही पद्धत आधी कुणी ठरवली, ते त्यांनी सांगावं.

पीएफएएसच्या कुळात हजारो रसायनं आहेत. मिनेसोटा राज्याने त्यातली एकेक निवडत बसायचं टाळलं. १ जानेवारी २०२५पासून तिथे गालिचे, सौंदर्यप्रसाधनं, दातांत फिरवायचा दोरा आणि स्वयंपाकाची भांडी अशा ११ प्रकारच्या वस्तूंत मुद्दाम घातलेलं कोणतंही पीएफएएस चालत नाही. त्याच महिन्यात भांडी बनवणाऱ्यांची संघटना कोर्टात गेली.