टाचणातले क्रियापद

श्रोतेहो, नमस्कार.

वर्गावर जाण्यापूर्वी शिक्षक टाचणवहीत त्या तासाचे उद्दिष्ट लिहितात. शिक्षक-प्रशिक्षणाच्या कामात मी अशा अनेक वह्या वाचल्या आणि त्यांत एक वाक्य वारंवार भेटले : ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची ओळख करून देणे.’ हेतू प्रामाणिक आहे, पण या वाक्यातले काम करणारा कोण? शिक्षक. त्यामुळे तास संपला की उद्दिष्ट साध्य झाले असे म्हणता येते, मग एकाही मुलाला काही उमगलेले नसले तरी. काही शिक्षक ‘विद्यार्थ्याला अपूर्णांकाची संकल्पना समजते’ असे लिहितात. इथे विद्यार्थी आला हे चांगलेच झाले, परंतु समजणे ही डोक्याच्या आत घडणारी गोष्ट असल्याने ती घडली की नाही हे पाहायचे कसे, याचे उत्तर त्या वाक्यात नसते.

पाचवीच्या एका वर्गातला प्रसंग सांगतो. अंश कोणता, छेद कोणता, हे एका मुलीने अचूक सांगितले होते. मी विचारले, “एक छेद चार आणि एक छेद आठ, यांत मोठा कोणता?” ती ठामपणे म्हणाली, “एक छेद आठ. आठ मोठे आहेत ना, सर!” मग मी तिला विचारले, “घरी तुला चतकोर भाकरी वाढली आणि भावाला तेवढ्याच भाकरीच्या आठ तुकड्यांतला एक दिला, तर जास्त कोणाला मिळाली?” तिने पाटीवर गोल काढला, त्याचे चार भाग केले, मग प्रत्येक भागाचे दोन केले, आणि थोडा वेळ त्या आकृतीकडे पाहत राहिली. “मलाच जास्त,” ती हळूच म्हणाली आणि आधी लिहिलेले उत्तर तिने बोटाने पुसले.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या बाईंनी आणि मी मिळून उद्दिष्ट नव्याने लिहिले : ‘अंश एक असलेल्या दोन अपूर्णांकांची जोडी दिली असता विद्यार्थी आकृती काढून किंवा कागदाला घड्या घालून मोठा अपूर्णांक ओळखतो आणि कारण स्वतःच्या शब्दांत सांगतो, पाचपैकी किमान चार जोड्यांत.’ वाक्य लांबले खरे, पण मूल काय करील, कोणत्या परिस्थितीत करील आणि किती केले म्हणजे पुरे, या तिन्ही गोष्टी त्यात आल्या. रॉबर्ट मेगर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९६२ मध्ये मांडलेली उद्दिष्टाची तीन अंगे हीच आहेत. मला स्वतःला यातला ‘कारण सांगतो’ हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, कारण दोनपैकी एक उत्तर अंदाजानेही बरोबर येऊ शकते, कारण मात्र अंदाजाने सांगता येत नाही.

आपल्या डी.एड., बी.एड.च्या पाठांत उद्दिष्टांसमोर ‘स्पष्टीकरणे’ लिहिण्याची पद्धत होती : विद्यार्थी ओळखतो, फरक सांगतो, उदाहरण देतो. तिच्यामागे अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये केलेले शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण होते. २००१ मध्ये त्याची सुधारित मांडणी झाली, तेव्हा ज्ञान, आकलन, उपयोजन या नामांच्या जागी आठवणे, समजणे, उपयोग करणे अशी क्रियापदे आली.

२०१७ मध्ये एनसीईआरटी या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने प्राथमिक स्तरासाठी इयत्तावार अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय काय यावे याच्या अपेक्षा, प्रसिद्ध केल्या आणि बालभारतीच्या अनेक पाठ्यपुस्तकांतही त्या छापलेल्या असतात. अडचण अशी होते की वर्षभरात गाठायची ही निष्पत्ती जशीच्या तशी एका तासाच्या टाचणात उतरवली जाते. निष्पत्ती हे मुक्कामाचे गाव आहे, तासाचे उद्दिष्ट म्हणजे आजच्या दिवसाची चाल. म्हणून निष्पत्ती समोर ठेवून ‘यातले आज किती?’ हा प्रश्न शिक्षकाने स्वतःला विचारावा आणि त्याचेच उत्तर लिहावे.

आकड्यांबाबत मात्र जपावे लागते. लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणितासाठी केंद्र सरकारने सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने अपरिचित मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने, अर्थ समजून वाचावा अशी अपेक्षा आहे. घड्याळ लावून शब्द मोजणे सोपे असल्यामुळे ‘अर्थ समजून’ हे दोन शब्द मागे पडतात आणि मूल धावत सुटते. कवितेच्या तासाला तर आनंद मोजण्याच्या फंदात पडूच नये. ‘आवडलेली ओळ निवडतो आणि ती का आवडली ते सांगतो’ एवढे लिहिले तरी मुलाला बोलायला वाव मिळतो.

हे उद्दिष्ट वहीतच राहू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. त्या बाईंनी दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात मुलांच्या भाषेत लिहिले : ‘आज आपण मोठा तुकडा कोणता ते ओळखू आणि का ते सांगू.’ तास संपताना मुले आपणहून त्या ओळीकडे बोट दाखवून सांगू लागली, कोणाला जमले आणि कोणाला अजून एकदा घडी घालून पाहायची आहे.