मोंबासा ते डर्बन: जहाज सुटण्याआधी

(दृश्य: न्हावा शेव्याजवळचं यार्ड. चाळीस फुटी कंटेनरचं उघडं दार.)

टेलिव्हिजनच्या प्रवास-मालिकेसाठी आपल्या दोन गाड्या जहाजाने केनियातल्या मोंबासाला जाणार आणि तिथून रस्त्याने दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला. कंटेनरच्या दाराची उंची २.२८ मीटर, रुंदी २.३४. गाडीची रुंदी १.८६. म्हणजे दोन्ही अंगांना एकेक वीत जागा. आरसे मिटायचे, समोरच्या माणसाच्या हातावर नजर ठेवायची आणि क्लच सोडत इंच इंच पुढे सरकायचं. आत गेल्यावर गाडीचं दार उघडत नाही, चालकाला डिकीतूनच बाहेर यावं लागतं. टपावरचा तंबू आधीच उतरवलाय, कारण कॅरिअर आणि तंबू धरून उंची दाराच्या वर जात होती. हे मोजमाप गॅरेजमध्येच टेप लावून करायचं असतं. यार्डात कळलं तर पान्हे शोधण्यात दिवस जातो.

(दृश्य: बॅटरीची तार सोडताना हात. चाकाखाली लाकडी पाचर.)

टाकीत पावापेक्षा कमी डिझेल, बॅटरीची तार सोडलेली, जेरीकॅन कोरडे, गॅसची टाकी अजिबात नाही. एका कंटेनरमध्ये दोन गाड्या, प्रत्येकीला चार पट्टे, चाकांना पुढून-मागून पाचर.

(दृश्य: नकाशा. मोंबासापासून खाली सरकणारी रेघ.)

केनिया, टांझानिया, झांबिया, बोत्स्वाना, दक्षिण आफ्रिका. पाच हजार किलोमीटरपेक्षा जास्त रस्ता. पाचही देशांत वाहतूक डाव्या बाजूने, त्यामुळे आपली उजव्या स्टिअरिंगची गाडी तिथे परकी वाटत नाही. मालिकेसाठी हा मार्ग निवडण्याचं अर्धं कारण हेच.

तारखा मात्र पाण्यावरून ठरतात. मार्च ते मे पूर्व आफ्रिकेत मोठा पाऊस, कच्चे रस्ते काळ्या चिखलाचे. टांझानियातल्या सेरेंगेटी उद्यानाच्या उत्तरेला मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत. उलट व्हिक्टोरिया धबधबा एप्रिल-मे महिन्यांत इतका भरलेला असतो की तुषारांच्या भिंतीपलीकडे कॅमेऱ्याला काही दिसत नाही, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात झांबियाच्या बाजूचा कडा जवळजवळ कोरडा. दोन्ही हवं असेल तर जुलैच्या सुरुवातीला मोंबासा सोडायचं आणि ऑगस्टच्या मध्यावर धबधब्याजवळच्या लिव्हिंगस्टन शहरात पोचायचं. या दोन तारखा भिंतीवर लागल्या की बाकीचं शेड्यूल त्यांच्यामागून येतं.

(दृश्य: टेबलावर कार्नेची वही. पान उलगडतं.)

आता ही वही नीट बघा. कार्ने द पासाज, म्हणजे गाडीचा पासपोर्ट: गाडी ड्युटी न भरता देशात आणली तरी ती परत बाहेर जाईल, याची हमी. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून ती मिळते. गाडीची किंमत आणि मार्ग पाहून बँक गॅरंटी द्यावी लागते, आणि गॅरंटीला बँकेत लागणारा वेळ हाच सगळ्या तयारीतला सर्वांत लांब टप्पा. म्हणून अर्ज आधी, गाडीची सजावट नंतर. वहीची मुदत एक वर्ष.

प्रत्येक पानाचे तीन भाग. खालचा भाग देशात शिरताना कस्टम्स फाडून घेतं, मधला बाहेर पडताना. वरचा आपल्याकडे राहतो आणि त्यावर आत-बाहेरचे दोन्ही शिक्के लागतात. बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका एकाच सीमाशुल्क संघात आहेत, म्हणून त्या दोघांना मिळून एकच पान: झांबिया-बोत्स्वाना सीमेवरच्या काझुंगुला पुलावर आत, डर्बन बंदरात बाहेर. केनिया, टांझानिया, झांबियाची तीन. चार पानं लागतात, पाच पानांची वही घ्यायची.

(दृश्य: चॅसिसवरचा नंबर. कापडाने पुसलेली धूळ, टॉर्चचा उजेड.)

चॅसिस नंबर सतरा अक्षरी. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं कधीच वापरत नाहीत. तेव्हा कागदावर कुठे ओ दिसला, तर तो चुकून लिहिलेला शून्य आहे. आरसीवर, कार्नेवर, विम्यावर, जहाजाच्या कागदावर हा नंबर अक्षरशः एक हवा. एक जण गाडीवरून वाचतो, दुसरा कागदावर बोट ठेवतो. मग जागा बदलून पुन्हा. विंच, कॅरिअर, जादा टायर, रेडिओ हेही कार्नेवर लिहून घ्यायचं.

चूक होते ती नमांगाला. केनिया आणि टांझानियाची चौकी तिथे एकाच छपराखाली आहे. माणसं एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जातात आणि केनियाचा बाहेर पडल्याचा शिक्का राहून जातो. केनियाच्या लेखी गाडी मग अजून केनियातच असते, आणि गॅरंटीवर दावा येतो.

(दृश्य: पांढऱ्या चादरीवर मांडलेले कॅमेरे, लेन्स, माइक. वरून.)

कॅमेरे कंटेनरमधून जात नाहीत, युनिटबरोबर विमानाने जातात. कार्ने गाडीची आहे, त्यात ही चादर बसत नाही. चित्रीकरणाच्या सामानासाठी वेगळी एटीए कार्ने असते, भारतात ती फिक्की ही उद्योगसंघटना देते, पण या मार्गावर ती सगळीकडे चालत नाही. खरा आधार यादीचा: वस्तू, मॉडेल, सीरियल नंबर, वजन, किंमत, कुठल्या देशात बनली. मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं, नाहीतर परतताना आपल्याच लेन्सवर ड्युटी भरावी लागेल. बॅटऱ्या केबिनमध्ये, प्रत्येकी १०० वॉट-तासांच्या आतल्या, टोकांना चिकटपट्टी लावून.

आणि कुठेही प्लॅस्टिकची पिशवी नाही. केनियात २०१७ पासून, टांझानियात २०१९ पासून पिशव्यांवर बंदी आहे, प्रवाशांच्या सामानातल्यासुद्धा. केबल कापडी थैल्यांत भरायच्या.

(दृश्य: व्हिडिओ कॉल. पडद्यावर नैरोबीतला समन्वयक, इकडे उघडी वही.)

केनियात चित्रीकरणाचा परवाना तिथे नोंदणी असलेल्या स्थानिक एजंटामार्फतच मिळतो. टांझानियात फिल्म बोर्डाचा परवाना, त्यावर सेरेंगेटीसाठी राष्ट्रीय उद्यानांची परवानगी वेगळी आणि शेजारच्या गोरोंगोरोसाठी तिथल्या प्राधिकरणाची आणखी वेगळी. पर्यटक व्हिसावर हे काम करता येत नाही. परदेशी नंबरच्या गाडीला टांझानियाच्या उद्यानांत प्रवेशशुल्क जास्त, म्हणून आत स्थानिक, उघड्या टपाची लँड क्रूझर आणि तिथलाच चालक. पडद्यावरचा हा समन्वयक पहिल्या बैठकीपासून बैठकीत हवा, बजेटमध्ये त्याची स्वतंत्र ओळ हवी आणि श्रेयनामावलीत नाव हवं. काळे आणि गडद निळे कपडे आणू नका, हे सांगणारा तोच असतो: त्सेत्से माश्या नेमक्या त्या रंगांवर येतात, आणि युनिटचे टी-शर्ट नेहमी काळे.

वेळही त्याच्याकडूनच समजून घ्यायची. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा मोजा', पहिला तास, म्हणजे सकाळचे सात. कॉल शीटवर, म्हणजे दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकावर, आकडा लिहून भागत नाही. दोन्ही पद्धतींनी लिहायचं आणि वाचून दाखवायचं.

कॅमेऱ्यांची घड्याळं मात्र सगळ्या प्रवासात एकच. टांझानियातून झांबियात गेलं की स्थानिक वेळ एक तासाने मागे येते. तिथे एकाने कॅमेरा जुळवला आणि दुसऱ्याने नाही, तर एडिटिंगच्या टेबलावर आवाज आणि चित्र जुळवताना रात्री जातात.

(दृश्य: लॅपटॉप, दोन हार्ड डिस्क, कॉपी होत जाणारी हिरवी पट्टी.)

सेकंदाला २०० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर तासाला ९० जीबी. रोज चार तासांचं फुटेज धरलं तर ३६० जीबी, चाळीस शूटिंग दिवसांत १४.४ टीबी. प्रत्येक फुटेजच्या तीन प्रती, दोन गाड्यांत दोन आणि तिसरी माणसाच्या पाठपिशवीत. म्हणजे ४३ टीबीची डिस्क निघण्याआधी विकत घेतलेली हवी. कार्ड पुसायचं ते तिन्ही प्रती तपासल्यावरच.

(दृश्य: रस्त्याकडेला थांबलेली गाडी, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. चाचणी फेरी.)

बीएस-६ डिझेल गाडीला जास्तीत जास्त १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) गंधक असलेलं इंधन लागतं. या मार्गावर सगळीकडे तसं डिझेल मिळत नाही. एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर लवकर भरतो, आणि तो स्वतःला जाळून साफ करतो तो हायवेच्या सलग वेगात. पण शूटिंगची गाडी एकाच वळणावरून दहा वेळा हळू जाते. मग हा दिवा. उपाय साधा: रोज शूटिंग संपल्यावर वीस-पंचवीस मिनिटं न थांबता चालवायची. ही ओळही शेड्यूलमध्ये लिहिलेली असते.

पीतज्वराची लस प्रवेशाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रात. पिवळं कार्ड पासपोर्टला लावून ठेवा. परतताना भारतातही ते बघतात.

(दृश्य: कंटेनरचं दार बंद होतं. बोल्ट सील.)

सीलवरचा नंबर आधी मोठ्याने वाचतात, मग त्याचा फोटो, मग जहाजाच्या कागदावरच्या नंबराशी ताडून बघतात. भारतीय कस्टम्सचा शिक्का कार्नेच्या पानावर सकाळीच लागलाय. मोंबासाला हे सील कापलं जाईल तेव्हा पहिला कॅमेरा सुरू असेल.