एकच उसनवारी

(विज्ञानपट कसा पाहावा, या विषयावर नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विज्ञानपट सुरू झाला की तो आधी आपल्याकडे काहीतरी उसनं मागतो. कालयंत्र आहे असं धरून चला. बॉम्बला विचार करता येतो असं धरून चला. आपण देतो, तिकीट काढून बसलेला माणूस नाही कसं म्हणणार? पण एकदा घेतलं की पुढचा सगळा संसार त्यानं तेवढ्यातच चालवायचा. अर्ध्या तासानं पुन्हा हात पसरला तर काहीतरी पाणी मुरतंय. म्हणून पहिल्या वीस मिनिटांत ती उसनवारी मनात एका वाक्यात मांडा आणि पुढे हिशेब धरा.

‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’ हा वाईट सिनेमांचा राजा म्हणून प्रसिद्ध आहे. पण तो वाईट कशानं? लोक दोरीला लटकलेल्या तबकड्यांना हसतात. बेला लुगोसी हा नट १९५६ मध्ये, चित्रपटाचं मुख्य काम सुरू होण्याआधीच वारला. त्याच्या जागी दिग्दर्शकाच्या बायकोच्या ओळखीतला, पाठीचे मणके बसवणारा एक इसम उभा केला. तो लुगोसीहून चांगला उंच, ओळखू येऊ नये म्हणून तोंडावर झगा धरून वावरतो. हे सगळं माफ. माफ होत नाही ते असं, की परग्रहवासी मानवजातीला वठणीवर आणायला मुडदे उठवतात, तेही मोजून तीन, आणि मग सूर्यप्रकाशाचा स्फोट करणाऱ्या बॉम्बवर भाषण ठोकतात. ‘हे काहून?’ असं विचारलं की दर वेळी नवीन कर्ज.

आता जॉन कार्पेंटरचा ‘डार्क स्टार’, १९७४ चा. यातला परग्रहवासी म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर खेळायचा फुगवलेला चेंडू, खाली नखांचे पाय. बस्स. तरी हा सिनेमा वेगळ्या पंगतीत बसतो, कारण उसनं एकच घेतलंय: बॉम्ब बोलतो आणि विचार करतो. वीस नंबरचा बॉम्ब यानाखालीच अडकतो आणि ठरल्या वेळी फुटायचं म्हणतो. मग एक अधिकारी बाहेर जाऊन त्याच्याशी तत्त्वज्ञान मांडतो. तुला मिळालेला हुकूम खराच होता हे तुला कशावरून कळलं? बॉम्ब विचारात पडतो, आत परततो आणि विचार पूर्ण करतो. आपल्याखेरीज बाकी सगळं खोटं, मग थांबायचं कोणासाठी? आणि फुटतो. एकाच गृहीतकातून शेवट निघाला, वरून काही ओतावं लागलं नाही. याचा सहलेखक डॅन ओबॅनन यानंच पुढे १९७९ च्या ‘एलियन’ची पटकथा लिहिली. तिथेही कंटाळलेले कामगार आणि यानात शिरलेला प्राणी. फक्त हसू काढून भीती भरली.

सात हजार डॉलरमध्ये केलेल्या ‘प्रायमर’ला (२००४) लोक अवघड म्हणतात. यातलं कालयंत्र म्हणजे एक पेटी. नियम बघा. पेटी सकाळी नऊला चालू करा. दुपारी तीनला आत शिरा, सहा तास आत पडून राहा आणि बाहेर या: सकाळचे नऊ. पेटी चालू होण्याआधीच्या काळात जाता येत नाही. नऊ ते तीन गावात तुम्ही दोन असता, म्हणून त्या दोघांतल्या पहिल्यानं हॉटेलची खोली बंद करून बसायचं. गोंधळ उडतो तो आधीपासून चालू ठेवलेली आणखी एक पेटी निघते तेव्हा. पहिल्यांदा पाहताना आकृत्या शोधू नका. कोणती पेटी कधी चालू झाली, एवढंच धरून ठेवा. सिनेमा ७७ मिनिटांचा आहे, पुन्हा पाहता येतो.

तारकोव्हस्कीच्या ‘स्टॉकर’मध्ये तर यान नाही, किरणंही नाहीत. धोक्याच्या प्रदेशातून वाट काढताना कापडाची पट्टी बांधलेला बोल्टचा लोखंडी नट पुढे फेकायचा आणि तो पडला तिथवर चालत जायचं. धोका फक्त त्या फेकण्यात दिसतो.

‘२००१: अ स्पेस ओडिसी’कडे जरा थांबू. यानात माणसं ज्यात चालतात आणि ज्याच्या फिरण्यानं त्यांना वजन मिळतं, ते चाक सेटवर खरंच बांधलं होतं, सुमारे ३८ फूट व्यासाचं. आकडा घेऊन बसा. एवढं चाक मिनिटाला पाच फेरे फिरलं तर चंद्रावरच्याइतकं वजन मिळतं. पृथ्वीइतकं हवं तर बारा फेरे लागतील, आणि माणसाला गरगरेल. हवेत तरंगणारं पेन म्हणजे काचेवर चिकटवलेलं पेन, काच फिरते. यानातली हवाई सुंदरी ते उचलते तेव्हा किंचित झटका दिसतो, बघा. एक चूकही आहे. वजनरहित प्रवासात नळीनं ओढलेलं पेय ओढणं थांबताच खाली उतरतं. पण ही चूक झाली, उसनवारी नव्हे. त्यावर कथेचं काही अडलेलं नाही.

आता ध्यान द्या ते आवाजाकडे. निर्वातात आवाज नाही, हा नियम या सिनेमानं कडक पाळलाय. बोमन हा अंतराळवीर शिरस्त्राणाशिवाय यानात उडी घेतो, दार उडतं, तो भिंतीवर आपटतो आणि कानावर काहीही येत नाही. तो दार लावून हवा सोडतो, आणि हवेबरोबर आवाज परत येतो. सगळा थरार त्या काही सेकंदांत आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात नेमका तोच बुडतो, कारण खिडकीतला कूलर घरघरत असतो. आवाज वाढवून भागत नाही. शांतता वाढवता येत नाही.

टीव्हीवरचं मोशन स्मूदिंग बंद करा. सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) मधे तो आपल्या चौकटी घुसडतो आणि सिनेमा मालिकेसारखा दिसतो. वर-खाली काळ्या पट्ट्या राहू द्या. पडदा भरायला झूम केलं तर ‘२००१’चं दोन्ही बाजूंनी मिळून जवळजवळ पाचवा हिस्सा चित्र जातं. ‘प्रायमर’ उद्याच बघा, तो संवादांवर चालतो. ‘२००१’ मात्र पाऊस लागून कूलर बंद झाले की लावा, रात्री दहानंतर.