वाकणात तुटलेली तार

[रात्र. वडसा-देसाईगंजजवळचं एक गाव. शंकरपटाच्या मैदानात मंडप. जनरेटरची घरघर.]

धान कापून झालं, बांध्या रिकाम्या झाल्या, की झाडीपट्टीत नाटकाचे दिवस सुरू होतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. कुठे मंडई, म्हणजे गावची जत्रा, कुठे शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत. दिवसा बैल धावतात आणि रात्री नाटक होतं, ते तांबडं फुटेपर्यंत.

इथल्या नटांबद्दल आता थोडंफार लिहिलं-बोललं जातं. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीचं नाव दूरवर पोचलं. पण रात्रभर जागणारं आणखी एक माणूस मंचाच्या कडेला असतं. ऑर्गनच्या बाजूला, तबलजीच्या मागे. त्याच्या मांडीवर बेस गिटार असते, चार जाड तारांची, खालच्या सुरांत वाजणारी. आज आमचा कॅमेरा त्याच्याकडे आहे.

[वादकाचे हात. डाव्या हाताची बोटं तारेवरून सरकतात.]

पावसाळ्यात हे भाऊ धान रोवतात, हिवाळ्यात गिटार वाजवतात. गिटार जुनी आहे, एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून घेतलेली. तिच्यावर नेहमीच्या तारा होत्या, राउंडवाउंड, म्हणजे पोलादी गाभ्याभोवती गोल तार गुंडाळलेली. अशा तारेवर बोट सरकलं की खरखर येते. नाटकात बाई हळू आवाजात पद म्हणत असते आणि तिच्यामागे ही खरखर माईकमधून सगळ्या मंडपाला ऐकू जाते. थंडीच्या रात्री पाच-सहा तास वाजवलं, की बोटांच्या टोकांची सालं निघतात ते वेगळंच.

म्हणून त्यांना फ्लॅटवाउंड तारा हव्या होत्या. या तारेत गाभ्याभोवती चपटी पट्टी गुंडाळतात, कडेला कड लावून. वरून हात फिरवला तर तार काचेसारखी गुळगुळीत लागते. आवाज गोल आणि बुटका, तबल्याच्या डग्ग्याला लागून चालणारा. शिवाय ही तार वर्षानुवर्षं टिकते. ज्याला तारांचा संच मागवायला नागपूरचं तोंड बघावं लागतं, त्याच्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं.

भाऊंनी पैसे साठवले आणि संच आला. पहिल्याच संध्याकाळी, प्रयोगाच्या तासभर आधी, सगळ्यात जाड तार सुरात आणताना सॅडलवर, म्हणजे गिटारीच्या धडावर ती ज्या धातूच्या तुकड्यावर टेकते तिथे, तुटली. ती रात्र त्यांनी तीन तारांवर काढली.

[वादक, अंगणात बसून.]

«मले वाटलं, तारच खराब निंगाली. नाई बाप्पा. तार बरी होती. आमीच तिले मोडलो.»

कसं मोडलं, ते नीट बघण्यासारखं आहे.

[गिटार उलटी. लाकडात बसवलेल्या चार धातूच्या वाट्या.]

सॅडल ज्या धातूच्या पट्टीवर बसवलेली असतात, तिला ब्रिज म्हणतात. या गिटारीत तार ब्रिजच्या मागच्या टोकाला अडकत नाही. ती बॉडीच्या, म्हणजे गिटारीच्या लाकडी धडाच्या, पाठीमागून आत जाते, साडेचार सेंटिमीटर जाडीच्या लाकडातून उभी वर येते आणि सॅडलवर जवळपास काटकोनात वळते. एकेका तारेवर वीस किलोच्या आसपास ताण असतो. तो सगळा त्या वळणावर येतो.

राउंडवाउंड तार हे वळण सोसते, कारण तिचे गोल वेढे एकमेकांना नुसते टेकलेले असतात आणि वाकवलं की फाकतात. चपट्या पट्टीला ती मोकळीक नाही. आतल्या बाजूला कडा एकमेकींवर चढतात, बाहेरच्या बाजूला फट पडते आणि मधला गाभा उघडा पडतो. कधी तार तिथेच तुटते. कधी तुटत नाही, पण वेढा सैल होऊन झणझणायला लागते, आणि वादक उगाच आपल्या कानाला दोष देत बसतो. तारा बनवणाऱ्या काही कंपन्या म्हणूनच सांगतात, की ही तार बॉडीतून घालू नका.

आणि जाड तारच आधी का तुटली? प्रत्येक तारेचा सूर जुळवायला सॅडल पुढे-मागे करावं लागतं. सगळ्यात जाड तारेचं सॅडल सगळ्यात मागे जातं, म्हणजे लाकडातल्या भोकाच्या अगदी जवळ. जिला वाकायला सगळ्यात जास्त जागा हवी, तिलाच सगळ्यात कमी मिळते. हे भाऊंना कुणी शिकवलं नव्हतं. तुटलेली तार घेऊन ते दोन दिवस ब्रिजकडे बघत बसले, तेव्हा ध्यानात आलं.

[जुनी छायाचित्रं.]

असं घालणं मुळात चुकीचं, असंही म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या लिओ फेंडरच्या कंपनीने १९५१ साली प्रिसिजन बेस नावाची बेस गिटार बाजारात आणली, तेव्हा तिच्या तारा बॉडीतूनच जात होत्या, आणि त्या काळच्या बेसवर तारा फ्लॅटवाउंडच असायच्या. १९५७ साली मात्र कंपनीने तारा ब्रिजलाच अडकवायला सुरुवात केली. राउंडवाउंडचा जोर त्यानंतरचा, साठच्या दशकातला.

शहरातल्या एका दुकानात भाऊंना सांगितलं होतं, की बॉडीतून घातली की तारेचा ताण वाढतो, आवाज भरतो. हे खरं नाही, आणि या समजुतीपायी लोकांचे पैसे जातात म्हणून इथे थांबून सांगावंसं वाटतं. सूर ठरतो तो नटपासून, म्हणजे गिटारीच्या गळ्याच्या टोकाला तार टेकते त्या पट्टीपासून, सॅडलपर्यंतच्या लांबीवर, तारेच्या जाडी-वजनावर आणि ताणावर. या गिटारीत ती लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर. तीच तार, तीच लांबी आणि तोच सूर असला की ताणही तोच. सॅडलच्या मागे तार दोन बोटं आहे की वीतभर, यानं त्यात फरक पडत नाही.

फरक पडतो तो लांबी पुरण्यात. तार लाकडातून घातली की चार-एक सेंटिमीटर मागेच खर्ची पडते. तारेच्या टोकाला रेशमी धागा गुंडाळलेला असतो, तो सूर लावायच्या चावीच्या बाजूला, नटच्या पलीकडे राहायला हवा. भाऊंच्या गिटारीत तो नट ओलांडून अलीकडे, पहिल्या फ्रेटच्या, म्हणजे गळ्यावरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीच्या, तोंडाशी आला. बॉडीतून घालायचीच असेल, तर जास्त लांबीचा संच मागवावा आणि ताण कमी असलेल्या तारा निवडाव्यात. सॅडलच्या धारदार कडा पॉलिश पेपरने गोल कराव्यात आणि तार हळूहळू चढवावी. कापण्याआधी पक्कडीने टोक काटकोनात वाकवावं, नाहीतर पट्टी आतून उसवते.

[वेल्डिंगचं दुकान. ड्रिलचा आवाज.]

भाऊंनी सोपा रस्ता घेतला. काही ब्रिजना मागच्या उभ्या पट्टीत भोकं आधीपासूनच असतात. यांच्या ब्रिजला नव्हती. ती पाडून घेतली. जाड तार पावणेतीन मिलिमीटरची, म्हणून भोक तीन मिलिमीटरचं. तार जाईल आणि तिच्या टोकाची गोळी अडेल. मग कानशीने कडा घासल्या.

उरलेल्या तीन तारा मात्र वाया गेल्या. तार आता मागून कमी खर्ची पडत होती, त्यामुळे आधीचं वाकण सरकून वाजत्या भागात आलं. तिथे सूर खरा लागेना. नवा संच पुढच्या धानाच्या पैशांतून आला.

[मंडप. पडदा अजून बंद.]

नव्या संचाची ही दुसरी रात्र. ऑर्गनवाला सूर देतो. भाऊ जाड तार छेडतात, चावी केसभर फिरवतात, पुन्हा छेडतात. मागून तबलजी विचारतो, «जमली का, भाऊ?»

«जमली. कर सुरू.»