रेकॉर्डिंग झालं, पण लिंक उघडते का?

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं मुख्यतः वर्गावर शिकवणाऱ्यांसाठी आहे. विषय आहे स्क्रीन रेकॉर्डिंग. कॉम्प्युटरच्या किंवा फोनच्या पडद्यावर जे चाललंय ते आपल्या आवाजासकट टिपायचं आणि मग मुलांपर्यंत पोचवायचं, तेही खिशाला हात न लावता. रेडिओवर पडद्याबद्दल बोलायचं म्हणजे पंचाईतच आहे, कारण दाखवता काही येत नाही. बटनं कुठली दाबायची तेही तोंडीच सांगावं लागणार. कागद-पेन हाताशी असेल तर घ्या.

शिक्षकांमध्ये हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठलं ॲप घेऊ?" माझं म्हणणं असं, की आधी काहीच घेऊ नका. तुमच्या मशीनमध्ये ही सोय बहुतेक आधीपासूनच आहे, फक्त ती कोपऱ्यात दडलेली असते आणि कुणी सांगितलेलं नसतं.

विंडोज ११ असेल तर विंडोजचं बटन, शिफ्ट आणि आर ही तीन बटनं एकदम दाबा. स्निपिंग टूल उघडेल. पडद्याचा हवा तेवढा भाग माउसने चौकटीत घ्या आणि रेकॉर्डिंग सुरू करा. आपण ज्यानं पडद्याचा फोटो काढतो तेच हे टूल, २०२३ पासून ते व्हिडिओही टिपतं. जुनं विंडोज १० असेल तर विंडोज आणि जी दाबून गेम बार उघडतो. नावावर जाऊ नका. खेळणाऱ्यांसाठी केलेली सोय आहे, पण शिकवणाऱ्यानं वापरली तर तक्रार करत नाही. विंडोज, ऑल्ट आणि आर दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, पुन्हा तेच दाबलं की बंद. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. गेम बार एका वेळी एकाच प्रोग्रॅमची खिडकी टिपतो. तुम्ही प्रेझेंटेशनवरून उडी मारून ब्राउझरमध्ये गेलात, तरी तो प्रेझेंटेशनलाच चिकटून राहतो. मुलांना थिजलेली स्लाइड दिसत राहते आणि मागून तुमचा आवाज येतो, "आता या वेबसाइटवर बघा."

मॅकवर शिफ्ट, कमांड आणि पाच. २०१८ पासून ही सोय त्यात आहे. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी तिथल्या ऑप्शन्समध्ये जाऊन माइक निवडायचा असतो. तो निवडला नाही, तर अख्खा धडा मुका. अँड्रॉइड फोनमध्ये अकराव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, स्क्रीन रेकॉर्डर आतच आहे. पडदा वरून खाली ओढला की जी छोटी बटनं दिसतात, त्यांत तो सापडतो. आयफोनवर तो कंट्रोल सेंटरमध्ये असतो आणि माइक सुरू करायचा तर ते बटन दाबून धरावं लागतं.

आणि पॉवरपॉइंट तुमच्याकडे असेलच, तर त्याचा एक गुण फार कामाचा आहे. त्यात आवाज एकेका स्लाइडपुरता वेगळा साठवला जातो. सातव्या स्लाइडवर जीभ अडखळली तर फक्त सातवी पुन्हा बोलायची. बाकीच्यांना हात लावायचा नाही. शेवटी सगळ्याचा एक व्हिडिओ करून मिळतो. ज्यांना सलग दहा मिनिटं न अडखळता बोलायचं दडपण येतं, त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

एवढ्यानं भागत नसेल तर ओबीएस स्टुडिओ. २०१२ पासून चालत आलेला हा प्रोग्रॅम अगदी मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे, वेळेची मर्यादा नाही आणि व्हिडिओवर कुणाचा शिक्का उमटत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हीवर चालतो. पहिल्यांदा उघडला की समोर काळाकुट्ट चौकोन येतो आणि निम्मे लोक तिथूनच माघारी फिरतात. घाबरायचं कारण नाही. खाली सोर्सेस नावाची चौकट असते, तिथल्या अधिकच्या खुणेवर जाऊन 'डिस्प्ले कॅप्चर' निवडलं की तुमचा पडदा त्यात दिसू लागतो. माइकच्या आवाजाला त्यातच एक गाळणी लावता येते, पंख्याची घरघर बरीच कमी होते.

ओबीएसबद्दल एक तांत्रिक गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण ती कळली नाही तर मेहनत पाण्यात जाते. साध्या एमपीफोर फाइलमध्ये कुठलं चित्र कुठे आहे याची सूची रेकॉर्डिंग थांबवल्यावर, सगळ्यात शेवटी लिहिली जाते. मधेच वीज गेली किंवा कॉम्प्युटर अडकला, तर ती सूची लिहायची राहते आणि आधीची वीस मिनिटं जागेवर असूनही फाइल उघडत नाही. म्हणून ओबीएसमध्ये एमकेव्ही या प्रकारात रेकॉर्ड करायची पद्धत आहे. ती फाइल मधे तुटली तरी तुटेपर्यंतचा भाग शाबूत राहतो. नंतर फाइल मेन्यूतल्या 'रिमक्स'मधून तिचं एमपीफोर करून घ्यायचं. क्षणाचं काम आहे, दर्जा जराही घसरत नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत दोन्हींचा मेळ घालणारा प्रकारही आलाय.

तिसरा गट ऑनलाइन सेवांचा, लूम, स्क्रीनपाल वगैरे. यांचं सुख असं, की रेकॉर्डिंग थांबवलं की लिंक तयार. मोफत योजनेला मात्र कुंपण असतं. लूमच्या मोफत योजनेत बराच काळ एका व्हिडिओला पाच मिनिटं आणि एकूण पंचवीस व्हिडिओ अशी मर्यादा राहिली आहे. कुंपणं सरकत असतात, म्हणून खातं उघडताना आजचा नियम वाचून घ्या. पाच मिनिटांचं मला तरी वाईट वाटत नाही. २०१४ साली ईडीएक्सच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतले व्हिडिओ लोक कसे बघतात याचा एक अभ्यास झाला, तब्बल ६९ लाख वेळा व्हिडिओ बघितल्याच्या नोंदी तपासून. व्हिडिओ कितीही लांब असो, बघण्याचा मध्यम वेळ सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. आणि ते स्वतःहून नाव नोंदवून शिकायला आलेले लोक होते, शाळेतली मुलं नव्हेत.

या ऑनलाइन सेवांवर माझा एकच आक्षेप आहे. त्या कायमच्या नसतात. फ्लिपग्रिड आठवत असेल. मुलांनी छोटे व्हिडिओ करून उत्तरं द्यायची, अशी ती सोय होती. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती घेतली आणि शिक्षकांसाठी मोफत केली, पुढे तिचं नाव फ्लिप झालं आणि २०२४ मध्ये तिची स्वतंत्र वेबसाइट आणि ॲप बंद झालं. गूगलनं शाळांना दिलेली अमर्याद जागाही अशीच आटोपती घेतली. २०२१ मध्ये तसं जाहीर झालं आणि मर्यादा आली. कुणाला दोष देत नाही, फुकटचं दुकान मालकाला वाटेल तेव्हा बंद होतं. आपण एवढंच करायचं, की प्रत्येक रेकॉर्डिंगची मूळ फाइल उतरवून घ्यायची आणि पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवायची. फाइलच्या नावात इयत्ता, विषय आणि धडा घाला. 'रेकॉर्डिंग फायनल नवीन दोन' अशा नावाची फाइल वर्षभरानं तुम्हालाही ओळखू येणार नाही.

आता प्रत्यक्ष बोलण्याबद्दल. चेहरा दिसायला हवा का, असं बरेच जण विचारतात. सलमान खान, म्हणजे खान अकॅडमीचे, नात्यातल्या मुलांना लांबून गणित शिकवता शिकवता २००६ मध्ये यूट्यूबवर व्हिडिओ टाकू लागले. त्या धड्यांत काळा पडदा, रंगीत अक्षर आणि आवाज, एवढंच असतं. चेहरा नाही. तेव्हा कॅमेऱ्याला बिचकणाऱ्यांनी कॅमेरा खुशाल बंद ठेवावा.

आवाज मात्र नीट हवा आणि शब्द त्याहून नीट हवेत. एक उदाहरण घेऊ. पडद्यावर समीकरण आहे, तीन एक्स अधिक पाच बरोबर वीस. वर्गात आपण फळ्यावर बोट ठेवून म्हणतो, "हा इकडचा तिकडे गेला, मग हे असं झालं, आता याने भाग द्या." वर्गात चालतं. पण मूल हा व्हिडिओ हाताच्या पंजाएवढ्या फोनवर बघतंय, माउसचा बाण त्याला मुंगीएवढा दिसतोय. त्याला 'हा', 'इकडे' आणि 'याने' यांतलं काहीही कळत नाही. तेच असं बोला, "दोन्ही बाजूंतून पाच वजा करू. डावीकडे उरले तीन एक्स, उजवीकडे पंधरा. आता दोन्ही बाजूंना तीनने भागू. एक्स बरोबर पाच." डोळे मिटून ऐकलं तरी कळतं. रेडिओवाला हेच सांगणार म्हणा! पण ज्या मुलाला नीट दिसत नाही, त्याच्यासाठी तर अशा बोलण्यावाचून गत्यंतरच नाही.

बाण मोठा करायची सोय विंडोजच्या सेटिंग्जमध्ये आहे, तो पिवळा किंवा लालही करता येतो. झूमइट नावाचा मायक्रोसॉफ्टचाच एक छोटा मोफत प्रोग्रॅम आहे. कंट्रोल आणि एक दाबलं की पडदा जवळ येतो, कंट्रोल आणि दोन दाबलं की पडद्यावर रेघा ओढता येतात. माइक म्हणून फोनबरोबर आलेला इअरफोनही चालतो, लॅपटॉपच्या माइकपेक्षा तो तोंडाजवळ असतो. आणि आधी वीस सेकंद रेकॉर्ड करून ऐका. मगच धडा सुरू करा.

त्याआधी पडदा आवरा. सूचना बंद करा, म्हणजे 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. नाहीतर भागाकाराच्या मधोमध घरचा निरोप झळकतो. ब्राउझरचे बाकीचे टॅब मिटवा. गुणपत्रिका, हजेरीपट, पालकांचे फोन नंबर असलेली फाइल मागे उघडी नको. वर्गाचा ऑनलाइन तासच रेकॉर्ड करत असाल, तर त्यात मुलांचे चेहरे आणि आवाज येतात. शाळेची आणि पालकांची परवानगी असल्याशिवाय ते रेकॉर्डिंग पुढे पाठवू नका. याला पळवाट नाही.

आता पाठवणी. इथेच बहुतेक धडे अडकतात. आधी आकाराचा अंदाज घेऊ. सेकंदाला एक मेगाबिट या दरानं रेकॉर्ड केलं, तर मिनिटाला साधारण साडेसात एमबी होतात, दहा मिनिटांचे पंचाहत्तर. मुलाच्या डेटाच्या हिशेबानं हे परवडायला हवं. स्लाइड आणि अक्षरं दाखवायला सेकंदाला साठ चित्रं लागत नाहीत, पंधरा पुरतात. ओबीएसमध्ये ते ठरवता येतं आणि फाइल हलकी होते.

व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलात तर ते त्याला दाबून लहान करतं आणि बारीक अक्षरं पुसट होतात. त्याऐवजी 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, फाइल जशीच्या तशी जाते. २०२२ पासून दोन जीबीपर्यंतची फाइल अशी जाऊ शकते. फक्त ती मुलाच्या फोनमधली जागा खाते, हे विसरू नका.

गूगल ड्राइव्हवर पंधरा जीबी मोफत आहेत, पण त्यात तुमचे ईमेल आणि फोटोही आले. ड्राइव्हची खरी डोकेदुखी वेगळीच. फाइल चढवली की ती फक्त तुम्हालाच दिसते. लिंक तशीच वर्गाच्या ग्रुपवर टाकलीत, की रात्रभर परवानगी मागणारे मेल येत राहतात. ज्या मुलाला मेल पाठवायचं सुचत नाही, ते गप्प बसतं. म्हणून 'शेअर'मध्ये जाऊन 'लिंक असलेलं कुणीही' हे निवडा आणि पुढचा अधिकार 'फक्त बघणं' एवढाच ठेवा. मग क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून गुप्त खिडकी उघडा आणि लिंक तिथे टाकून बघा. तिथे तुम्ही लॉग-इन नसता, म्हणजे मुलाला जे दिसणार तेच तुम्हाला दिसतं. ती खिडकी पासवर्ड मागू लागली, तर लिंक पाठवू नका.

यूट्यूबचा फायदा असा, की मुलाचं नेट मंद असेल तर ते चित्राचा दर्जा आपोआप खाली आणतं. 'अनलिस्टेड' निवडलं तर व्हिडिओ शोधात दिसत नाही, लिंक असणाऱ्यालाच उघडतो. ही कुलूपबंद तिजोरी नव्हे. लिंक पुढे गेली की व्हिडिओही गेला. 'प्रायव्हेट' निवडलं तर ज्यांचे ईमेल तुम्ही घालाल त्यांनाच दिसतो, म्हणजे लहान मुलांच्या वर्गासाठी जवळजवळ निरुपयोगी. नवीन खात्यावर पंधरा मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढवायचा तर आधी फोन नंबरची पडताळणी करावी लागते.

हे सगळं करायचं कुणासाठी? अमेरिकेत कोलोराडोमधल्या एका शाळेत जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे रसायनशास्त्राचे दोन शिक्षक २००७ मध्ये आपले तास रेकॉर्ड करू लागले, ते गैरहजर मुलांसाठी. मग हजर असलेली मुलंही उजळणीला तेच बघू लागली. त्यातून पुढे धडा घरी बघायचा आणि वर्गात उदाहरणं सोडवायची, ही पद्धत निघाली. एवढी उलथापालथ करायची गरज नाही. जो भाग दरवर्षी तीनदा समजावून सांगावा लागतो, तेवढाच रेकॉर्ड करा.

आणि हेच साधन उलट दिशेनंही चालतं. वहीवर शेरा लिहिण्याऐवजी निबंधाची फाइल उघडायची, ज्या वाक्यावर अडलं तिथे बाण नेऊन दोन मिनिटं बोलायचं आणि ते त्या एकाच मुलाला पाठवायचं. किंवा मुलाला सांगायचं, "तुझ्या फोनवर रेकॉर्डिंग लाव, गणित सोडव आणि सोडवताना मोठ्यानं बोल." उत्तर चुकलं तर कुठल्या पायरीवर, ते मूलच बोलून सांगतं. "पाच तिकडे गेले, पण चिन्ह तेच ठेवलं," असं त्याच्या तोंडून ऐकलं, की दुसऱ्या दिवशी वर्गात कुठून सुरुवात करायची ते ठरतं. ही फाइल मात्र ग्रुपवर नको, थेट तुमच्याकडे यायला हवी.

नमस्कार.