रांजण आणि अजिंठ्याची चार नंबरची लेणी

वैशाखात जळगावकडे दुपारी बाराला रस्ते ओस पडतात, डांबर चपलेला चिकटतं, आणि नेमकी याच उन्हात बुद्धपौर्णिमा येते. आमच्या फाट्यावरच्या विहारात त्या दिवशी खीर असते, पण मला आठवतो तो बाहेरचा रांजण. ओलं गोणपाट गुंडाळलेला, वर ताटली, साखळीला बांधलेला स्टीलचा ग्लास. आजी पहाटे भरायची, परत अकराला भरायची आणि एसटी थांबली की ग्लास घेऊन खिडकीशी, "पानी पी ले रे भो". कोण, कुठला, कुणाचा, काही विचारायचं नाही.

आता हे बघा. जळगावहून अजिंठा साधारण ६० किलोमीटर, नेरी, पहूर, फर्दापूर करत जायचं. एक नंबरच्या लेणीत पद्मपाणी बोधिसत्त्वासमोर (बोधिसत्त्व म्हणजे बुद्ध होण्याच्या वाटेवरचा) गर्दी असते, असायलाच पाहिजे, पाचव्या शतकातलं चित्र, हातात निळं कमळ, पापण्या खाली झुकलेल्या. पण माझी विनंती आहे, चार नंबरलाही थांबा. अजिंठ्यातला सगळ्यात मोठा विहार, म्हणजे भिक्खूंची राहायची लेणी, काम अर्धवटच राहिलंय. दाराच्या उजवीकडे अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, कोरलाय आणि त्याच्या आजूबाजूला छोटी छोटी माणसं, कुणामागे हत्ती लागलाय, कुणावर सिंह, कुठे साप, आग, चोर, पाण्यात बुडायची भीती. अशी आठ संकटं, म्हणून अष्टमहाभय. जे वाटेत कुणावरही येऊ शकतं तेच कोरलंय, आणि मधे तो उभा, यांना सोडवायला.

पाली भाषेतल्या बौद्ध परंपरेत करुणेचा अर्थ फार सरळ सांगितलाय, दुसऱ्याचं दुःख बघून चांगल्या माणसाचं हृदय थरथरतं, ती करुणा. बरं, थरथरलं, मग पुढे काय?

पुढचं आजी सांगायची. विनयपिटकातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली गोष्ट आहे, तिने वाचलेली नव्हती, विहारात ऐकलेली. एका भिक्खूला जुलाब लागलेले, स्वतःच्याच घाणीत पडलेला. बुद्ध विचारतात, तुझं बघायला कुणी नाही? तो म्हणतो, मी कुणाच्या कामाला येत नाही ना, म्हणून कुणी बघत नाही. इथे आजी थांबायची, दरवेळी. मग सांगायची, बुद्धांचा शिष्य आनंद सोबत होता, त्याने पाणी आणलं, बुद्धांनी ओतलं, दोघांनी मिळून धुतलं, एकाने डोक्याकडून धरलं, एकाने पायाकडून, आणि उचलून खाटेवर ठेवलं. त्यानंतर बुद्धांनी सगळ्या भिक्खूंना गोळा करून सांगितलं, तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायचीय त्याने आजाऱ्याची करावी.

आजी गेली. पहाटेचा रांजण आता काकू भरते, अकराची खेप आम्हा पोरांकडे आहे. गोणपाट मात्र सारखं ओलं ठेवावं लागतं, वाळलं की पाणी तापतं.